मोरीखालचा महाल

९ जानेवारी, बुधवार

नापास.

यादी दारावर चिकटवली होती. बारा नावं. अकरांपुढं 'उत्तीर्ण' आणि माझ्यापुढं एक आडवी रेघ. माझ्यासाठी शब्दसुद्धा खर्च केला नव्हता.

गाइडच्या परवान्याच्या लेखी परीक्षेत मी तिसरी आले होते, हे आधी इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. इटालियनच्या तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, कुठं शिकलात? म्हटलं, टीव्हीवर, कांदा चिरता चिरता. त्यांनी पैकीच्या पैकी दिले. माझी गाडी अडली ती तळघरात.

प्रोफेसर काताविच म्हणाले, "महालाच्या तळघरांचं महत्त्व सांगा." मला वाटलं, हा तर माझ्या घरचा प्रश्न! जन्मल्यापासून मी त्या तळघरांच्या डोक्यावर राहते. म्हणून मी सुरुवात केली ती थेट आमच्या मोरीपासून. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती, मोरीत डोकं जाईल एवढं भोक होतं, आणि आई लहान असताना घरातलं खरकटं, राख, माशांची डोकी, धुण्याचं पाणी, सगळं त्या भोकातून खाली जायचं. तिच्या आधी तिची आई तेच करायची, त्याच्या आधी तिची सासू. स्प्लिटचं जुनं गाव या रोमन सम्राटाच्या महालातच वसलेलं, आणि त्यातली सगळी घरं शेकडो वर्षं हेच करत आली.

परीक्षक मंडळातले दोघं हसले. काताविच हसले नाहीत, ते जास्त लागलं. चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, आम्ही इतिहास विचारला. तुमच्या घरची मोरी नाही विचारली."

त्यानंतर मला काही सुचलंच नाही. दालनं किती, कमानी किती, सम्राट कुठून कुठं जायचा, सगळं पाठ होतं. तोंड उघडलं तर नुसती हवा.

पुढची परीक्षा मे महिन्यात. घरी येताना ही वही घेतली. मी परत जाणार आहे. रेघ मारायची तर त्यांना या वेळी मोठी पट्टी लागेल.

११ जानेवारी

यद्रांका माझी चुलत बहीण. महालाच्या आत तिचे सात फ्लॅट आहेत, पाहुण्यांना भाड्यानं देते. त्यांच्या चादरी मी बदलते, न्हाणीघरं मी घासते. म्हणजे सम्राटाच्या महालात आजही मोलकरणी आहेत, फक्त सम्राट दर तीन दिवसांनी बदलतो.

"झालं समाधान?" तिनं विचारलं. "शेहेचाळिसाव्या वर्षी शाळा! बायका या वयात गुडघ्यांना तेल चोळतात."

"मी दोन्ही करते."

"आणि हे बघ, पाहुणे असले की ती तुझी दोरी रिकामी ठेवत जा. त्यांच्या फोटोत तुझ्या चड्ड्या येतात."

"मग त्यांना सांग, या महालात माणसं राहतात. राहणारी माणसं चड्ड्या घालतात."

ती पुटपुटत गेली. मी घरी येऊन कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या धुतल्या आणि दोरीवर ओळीनं लावल्या. स्वच्छ चड्ड्याच परत धुतल्या, हे कुणाला सांगायचं नाही.

२० जानेवारी, रविवार

यूगो सुटलाय. भिंतींना घाम फुटलाय, चादरी वाळत नाहीत, गल्लीत जो तो दुसऱ्यावर खेकसतोय. समुद्रावरून हा दक्षिणेचा ओला वारा आला की या गावात कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. आई म्हणायची, यूगोत लग्न ठरवू नये, केस कापू नयेत आणि कुणाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये.

तरी मी आजच ठरवलं. फाझोलच्या, म्हणजे घेवड्याच्या, दाट कालवणाचं पातेलं उचललं आणि समोर बार्बा लोव्रेंकडे गेले; बार्बा म्हणजे आमच्याकडचे काका. आमच्यामध्ये गल्ली एवढी अरुंद, की माझी कपड्यांची दोरी त्यांच्या भिंतीतल्या कप्पीवरून वळून परत माझ्या खिडकीत येते. ती कप्पी त्यांनीच बसवलेली, माझ्या जन्माच्याही आधी. आता ऐंशीचे आहेत. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, वेळ मिळाला नाही. सतराव्या वर्षी ते तळघरं उपसणाऱ्या टोळीत लागले आणि पाच वर्षं फावडं मारलं. मला हे आधी कसं सुचलं नाही? पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या आधी तिथं बार्बा होते.

दार उघडून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

मला हसू आलं. इथला प्रत्येक म्हातारा प्रत्येक बाईला हेच विचारतो. नावाशी कुणाला देणंघेणं नसतं, घर सांग म्हणतात. पण जिचे कपडे रोज तुमच्या खिडकीसमोर फडफडतात तिला विचारायचं म्हणजे निव्वळ नाटक. मीही नाटकात शिरले. "विन्काची, बार्बा."

"विन्काची!" चेहरा असा काही उजळला. "मग बाहेर का उभी? आत ये की!"

कालवण खाता खाता त्यांनी शिकवणी सुरू केली.

"पहिल्या दिवशी आम्ही तळघरात शिरलोच नाही, पोरी. शिरायला जागा कुठं होती? छतापर्यंत भरलेलं. पोटावर झोपून खणायचं. कोंबड्यांची हाडं, फुटक्या सुरया, चपला, राख. एकदा अख्खी खुर्ची निघाली."

"भोकातून खुर्ची कशी गेली?"

"तुमच्या घरातल्या बायका चिडल्या की काहीही जातं."

मग त्यांनी बादलीची गोष्ट सांगितली. एका दुपारी ते खाली खणत होते आणि वरून डोक्यावर पाणी आलं. कोमट, लसणाच्या वासाचं. वर बघतात तर भोकात एक डोळा.

"आई?"

"सोळा वर्षांची होती. वरूनच ओरडली, मला काय माहीत खाली माणूस आहे? हजार वर्षांत खालून कुणी हूं की चूं केलं नव्हतं!"

आई मला हे कधीच बोलली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी गेली आणि तिच्याविषयीची नवी गोष्ट मला आज कळते. घरी येऊन मोरीच्या जागेवर उभी राहिले. आता तिथं फरशी आहे आणि वॉशिंग मशीन.

३ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी जायचं ठरलं आहे. बार्बा पक्के मास्तर आहेत. दारातच पहिला प्रश्न, "कुणाची गं तू?" उत्तर दिल्याशिवाय आत घेत नाहीत.

आज पुन्हा बादलीची गोष्ट. गेल्या खेपेला एकदा भिजले होते. मधल्या आठवड्यात जिन्यात भेटले तेव्हा तीनदा. आज सातदा.

"बार्बा, तीनदा भिजलेला माणूस चौथ्यांदा तिथंच कशाला उभा राहील?" मी पकडलंच.

बार्बा खिडकीबाहेर माझ्या दोरीकडे बघत हसत राहिले.

ते मला तयार करतायत, हे माझ्या लक्षात आलंय. काताविचही असेच करतात, मधूनच चुकीचा आकडा टाकतात आणि बघतात की आपण बोलतो का. मी वहीत मांडून ठेवलंय: एकदा, तीनदा, सातदा. मला नाही फसवता यायचं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

तोंचीबरोबर बंदरावर कॉफी. आमच्या वर्गातला तोंची, तीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता, आता पोट सुटल्यावर गाइड झालाय. पास झाल्यापासून त्याचं बोलणं आणखी वाढलंय.

"सिल्वाना, तू मुळात गाढव आहेस," त्यानं सुरुवात केली. "पुस्तकात एक वाक्य आहे. 'कालांतराने तळघरांत कचरा साठत गेला, त्यामुळे ती सुरक्षित राहिली.' संपलं. हे म्हण, कार्ड घे, मग पाहुण्यांना काय ते सांग. मी जहाजावर तेच केलं. कप्तानाला त्याच्या चवीचं, खलाशांना माझ्या चवीचं."

"कचरा साठत नाही, तोंची. कुणीतरी टाकतं. वर बायका होत्या, त्यांनी टाकला. वरचा सम्राटाचा महाल लोकांनी दगड दगड करून नेला. खालचा राहिला, कारण तो आमच्या खरकट्याखाली गाडलेला होता. वरच्या खोल्या कुठं कशा होत्या हे आज कळतं ते खालच्या भिंतींवरून. मग हे कुणामुळं?"

"खरकट्यामुळं."

"आमच्यामुळं!"

शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. तोंची हात वर करून म्हणाला, "मी पास झालोय, बाई. माझ्यावर नको ओरडूस."

पण इथं खोटं लिहायचं नाही. घरी आल्यावर मी आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं. दोनदा, तीनदा. छान आलं. अगदी गाइडसारखं. मला ते कार्ड हवंय. मी बादली घेऊन जिना चढते तेव्हा पाहुणे भिंतीला चिकटून मला वाट देतात आणि नजर दुसरीकडे वळवतात. त्यांनी एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघावं, मी काय बोलते ते ऐकावं. माझा नवरा आंते बोटीवर गेला तो परत आलाच नाही, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून या गावात मला कुणी काही विचारलं असेल तर ते टॉवेल कुठं आहेत, एवढंच. एका वाक्यानं हे बदलणार असेल तर म्हणून टाकायला काय हरकत आहे?

हरकत आहे. काय, ते अजून नीट सांगता येत नाही.

८ मार्च, शुक्रवार

स्वच्छ ऊन. महिला दिन. यद्रांकानं सगळ्या कामवाल्यांना एकेक साबण दिला.

बार्बा लोव्रे टाय लावून दारात उभे, हातात लाल कार्नेशन. जुन्या काळात कारखान्यांत वाटायचे तसं, देठाला चंदेरी कागद गुंडाळलेलं.

"हे विन्काला दे," म्हणाले. "मी दिलं म्हणून सांग. नको, सांगू नकोस. तिला कळेल."

म्हातारी माणसं अशीच जुन्या वळणानं बोलतात. आई गेली तेव्हा शवपेटीला पुढून खांदा त्यांनीच दिला होता. मी फूल तिच्या फोटोपुढं ग्लासात ठेवलं. आज दारात 'कुणाची' विचारायचं विसरले, म्हणून मीच चिडवलं, "मास्तर, आज हजेरी नाही घेतली?" ते थोडे गोंधळले. टायमुळं असेल. गळा आवळला जातो.

२१ मार्च, गुरुवार

चार दिवस यूगो. चौथ्या दिवशी असं व्हायचंच.

सकाळी सातला तळघराच्या दारावरचा पहारेकरी बार्बांना हाताला धरून घेऊन आला. पायात सपाता, खांद्यावर कोळशाचं फावडं. म्हणत होते, पाळी सुरू झाली, मुकादम रोजी कापेल, सोडा मला.

"बार्बा, मुकादम जाऊन चाळीस वर्षं झाली," मी म्हटलं.

"मग आज कोण आहे पाळीवर?"

"मी आहे."

त्यांनी मला नीट बघितलं आणि फावडं माझ्या हातात दिलं. "कोपऱ्यातून सुरू कर. मध्ये नको. वरून पाणी येतं."

पहारेकऱ्यानं कानाजवळ बोट फिरवलं. मी त्याला झापलं. "वारा बघतोयस ना कसला आहे? काल तूच तिकिटाचे सुटे पैसे दोनदा दिलेस."  यूगोचं बोलणं कुणी धरत नसतं. मी बार्बांना चहा दिला, पाय पुसले, फावडं माझ्याकडेच ठेवलं. माझ्या परीक्षेचा विषय त्यांच्या डोक्यात भिनलाय, दुसरं काय.

त्यांच्या गॅसची चावी उघडी होती. बंद करून आले.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

आमचं भोक तळघरात नक्की कुठं उतरतं, ते मला हवं होतं. खाली छताला अशी भोकं बरीच आहेत. आपलं कोणतं? बार्बा म्हणाले, "डोळे मिटूनही दाखवेन." मग ठरलं. तोंचीला माझ्या स्वयंपाकघरात उभं केलं, वॉशिंग मशीन बाजूला ओढून हातात लोखंडी तवा दिला. बरोबर साडेनऊला मोरीच्या जागी फरशीवर तीनदा ठोक, म्हटलं. "सम्राटानं मला याचसाठी जन्माला घातलं," म्हणाला.

ईस्टरच्या आधीचा रविवार, लोक हातात ऑलिव्हच्या फांद्या घेऊन चर्चकडे निघालेले. आम्ही दोघं उलटे, खाली. एक फांदी बार्बांच्या कोटालाही मीच खोचली होती.

तळघरात पाऊल टाकलं आणि माणूस बदलला. वर जिना उतरताना मला घट्ट धरून होते, खाली हात सोडला. समुद्राकडच्या दारापासून पावलं मोजायला लागले, ओठ हलत होते. पहिलं दालन, दुसरं, डावीकडे, खांबाला वळसा. एका जागी थांबले आणि वर न बघताच बोट वर केलं.

छतात एक काळं भोक होतं, वरून बुजवलेलं.

मी घड्याळ बघितलं. साडेनऊ. आणि वरून, दगडातून, फार लांबून आल्यासारखा आवाज आला. ठण. ठण. ठण.

बार्बा टुणकन बाजूला उडी मारून भिंतीला चिकटले. ऐंशीव्या वर्षी! डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि वर बघून ओरडले, "विन्का! थांब! माणूस आहे खाली!"

सगळं तळघर घुमलं. मी इतकी हसले, इतकी हसले की भिंतीला टेकून बसावं लागलं. काय नट आहेत! मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं आहे की कशाचं ते कळेना. ते अजून वरच बघत होते. टोपी छातीशीच होती. पाणी पडायची वाट बघत असल्यासारखे.

मी मोजलं: दारापासून चौऱ्याण्णव पावलं. बार्बांची.

पहारेकरी धावत आला, भूकंप झाला का म्हणून विचारत. घरी आले तर तोंचीनं माझी एक फरशी फोडून ठेवली होती. "तीनदा ठोकायचं म्हणालीस, हळू ठोकायचं कुठं म्हणालीस?"

२७ एप्रिल

यद्रांका आज गोड बोलत होती, तेव्हाच ओळखलं. म्हणाली, "सातही फ्लॅट तुझ्या हाताखाली देते. दोन पोरी ठेव, तू स्वतः फडकं धरायचं नाही. पण ती परीक्षा सोड. हंगामात तू छत्री घेऊन लोकांपुढं नाचत बसलीस तर माझ्या किल्ल्या कुणी सांभाळायच्या? आणि परत नापास झालीस तर अख्खं गाव हसेल, सिल्वाना. मला तुझी काळजी वाटते."

काळजी खरी असेलही. दोन तास मी खरंच विचार केला. मग जाऊन किल्ल्यांचा जुडगा तिच्या टेबलावर ठेवला.

"म्हणजे?"

"म्हणजे पास झाले नाही तर मी उपाशी मरेन. आता मला पास व्हावंच लागेल."

 

३ मे, शुक्रवार

यूगो. अर्थातच. मंडळाचे तिघं सुस्कारे टाकत माझ्या मागून चालत होते. काताविच, एक झोपाळू गृहस्थ, आणि पुरातत्त्व खात्यातल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, ज्या गेल्या खेपेला नव्हत्या.

मी आधी त्यांचं सगळं देऊन टाकलं. सम्राट, सालं, दालनं, कमानी, ज्या संताला त्यानं मारलं त्याच संताचं चर्च त्याच्या थडग्यात कसं झालं ते. एक आकडा चुकू दिला नाही. काताविच टिपणं घेत होते, त्यांना रेघ मारायला जागाच मिळेना. इथं थांबले असते तर पास होते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तळघरात मी दारापासून पावलं मोजली. बार्बांची पावलं माझ्याहून लांब आहेत, ढांगा टाकाव्या लागल्या. भोकाखाली थांबले.

"या भोकाच्या वर एक मोरी होती," मी म्हटलं. "तिथं उभ्या राहणाऱ्या बायकांची नावं मला तीन पिढ्यांपर्यंत माहीत आहेत. त्यांनी टाकलेल्या खरकट्यानं हे दालन भरलं आणि भरलं म्हणून राहिलं. ते उपसणारा एक माणूस अजून जिवंत आहे, लोव्रे त्याचं नाव. ही जागा मला त्यांनी दाखवली."

"बाई," काताविच म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"नाही, सर. लिहा."

झोपाळू गृहस्थ जागे झाले.

"पाहुणे हजारो मैलांवरून येतात," काताविचांचा आवाज चढला, "ते सम्राटासाठी येतात. भांडी घासल्याचं पाणी ऐकायला नाही!"

"सम्राट इथं दहाएक वर्षं राहिला. गेली चौदाशे वर्षं आम्ही राहतोय. मी दोघांचंही सांगेन. एकट्याचं सांगायचं असेल तर मला कार्ड नको."

हे म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. आरशासमोर ज्याला हरकत म्हणत होते, ती ही होती.

पांढऱ्या केसांच्या बाई मान वर करून कितीतरी वेळ भोकाकडे बघत होत्या. मग एवढंच विचारलं, "आता वर कोण राहतं?"

"मी."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काताविचांनी चष्मा पुसला. यूगो आहे, कुणाच्या मनात काय चाललंय सांगता येत नाही.

७ मे, मंगळवार. संत दुयेची जत्रा

पास!

यादीत नाव, पुढं शब्द, पूर्ण शब्द. खाली बारीक अक्षरात 'दोनविरुद्ध एक मतानं'. एक कुणाचं ते विचारायची गरज नाही. कार्ड गळ्यात अडकवूनच मी जत्रेतून आले. यद्रांका तिच्या फ्लॅटच्या खिडकीतून बघत होती. मी कार्ड वर करून दाखवलं. तिनं खिडकी लावली, मग पुन्हा उघडली आणि खाली ओरडली, "फोटो वाईट आलाय तुझा!" म्हणजे अभिनंदन.

गरम फ्रितुल्यांची, जत्रेतल्या गोड भज्यांची, पुडी घेऊन बार्बांकडे गेले. उत्तरवारा सुटला होता, तो कोरडा, स्वच्छ, सगळी घाण झाडून नेणारा. बेटं इतकी जवळ आली होती की घरं मोजावीत. माझी दोरी ताठ, कपडे आडवे फडफडत होते, कप्पी कुरकुरत होती.

दार उघडलं. मी कार्ड त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी कार्ड बघितलं, मग मला बघितलं. खूप सभ्यपणे, परक्या बाईकडे बघावं तसं. "कुणाची गं तू?"

मी हसायला तोंड उघडलं. आणि त्यांच्या खांद्यावरून खिडकीतून मला ते निळं, पुसून काढल्यासारखं आकाश दिसलं.

आज यूगो नाही.

घरी येऊन वही पहिल्या पानापासून वाचली. आठ मार्चला स्वच्छ ऊन होतं, मीच लिहिलंय. तीन फेब्रुवारीला वाऱ्याचं नावही नाही. एकदा, तीनदा, सातदा. विन्काला दे. पाळीवर कोण आहे. सगळं माझ्याच हस्ताक्षरात. जिला परक्यांचा इतिहास सांगायचा परवाना मिळाला, तिला समोरच्या खिडकीतलं दिसलं नाही.

तळघरात मी हसले होते.

८ मे, बुधवार

यद्रांका जिन्यात भेटली. बार्बांचं तिला आधीच कळलं होतं, बहुतेक सगळ्या गल्लीला कळलं होतं. म्हणाली, "डोंगरापलीकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे, बागबिग आहे." मी म्हटलं, "तिथून तळघर किती पावलं?" तिला कळलं नाही. न कळू दे. ज्या गावात या माणसाला डोळे मिटून चौऱ्याण्णव पावलं चालता येतात, तिथून त्याला कुणी हलवणार नाही. सकाळी मी जाईन, दुपारी गॅस मी बघेन, संध्याकाळी तोंची पत्ते घेऊन येईल. तोंचीला विचारलेलं नाही. येईल.

आज पहिला दौरा केला. एकच पाहुणा.

बार्बांचा कोट झटकला, टोपी दिली, हाताला धरून खाली नेलं. पहारेकऱ्यानं माझ्या गळ्यातलं कार्ड बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. सम्राट, सालं, दालनं. बार्बा मान डोलवत ऐकत होते. कधी "अस्सं!" म्हणायचे, कधी "काय सांगतेस!" दालनं भरली कशी, ते सांगितलं. उपसली कुणी, तेही सांगितलं. सतरा वर्षांचा लोव्रे नावाचा एक पोरगा होता, म्हटलं. "चांगला होता का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "फार."

भोकाखाली पोचलो. या वेळी त्यांनी पावलं मोजली नव्हती, मी मोजली होती.

"छान सांगतेस," ते म्हणाले. "कुणाची गं तू?"

"विन्काची. वरून पाणी ओतणाऱ्या विन्काची. तिला माहीत नव्हतं खाली माणूस आहे."

बार्बांनी टोपी काढली आणि बरोबर त्या भोकाच्या खाली जाऊन उभे राहिले. चेहरा वर केला.

"पहिल्यांदा माहीत नव्हतं," ते म्हणाले. "नंतर माहीत होतं. मी रोज इथंच उभा राहायचो."